फटफटीतला बिदरी बुश

गुरुशांतप्पा गेला तवा सगळ्या कल्याणी गावानं दुकानं बंद ठेवली. आमचे मिस्त्री गेले तवा शेजारचं सलूनसुद्धा उघडं होतं. त्याचं मला काही न्हाई, ज्याचं त्याचं पोट ज्याच्या त्याच्या पाठीशी. पण दहाव्याला आलेला एक शहाणा माझ्याच ओसरीवर बसून म्हणतो, "मिस्त्री माणूस सोन्यासारखा, फक्त त्या देवीडॉक्टरच्या फटफटीचं तेवढं एक झालं." तेवढं एक झालं म्हणं. माझं टाळकंच सरकलं. काय झालं होतं ते डोळ्यांनी बघितलेली आता मी एकटी उरलेय. म्हणून सांगते, आन् मधी कुणी बोलायचं न्हाई.

त्यांचं नाव सिद्धाप्पा. जितेपणी मी कधी घेतलं न्हाई, मिस्त्रीच म्हणायची, आताबी तेच म्हणणार. घर धनगराचं. सासरा मेंढरं घेऊन पार औरादच्या माळापर्यंत हिंडायचा. हे मात्र लढाईच्या दिवसांत सिकंदराबादला गेले आन् मिलिटरीच्या मोटारखान्यात लागले. आधी नुसती चाकं धुवायची, मंग पाने उचलून द्यायचे, आन् सहा-सात वर्सांत अख्खं इंजिन उतरवून परत चढवण्यापर्यंत मजल मारली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज गेलं त्याच्या म्होरल्या वर्साला परत आले. आता ज्याला बसवकल्याण म्हणतात ती तवा नुसती कल्याणी होती. हुमनाबादच्या रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलं. जागा गावकीची. पाटलानं "बस हितं" म्हणलं म्हणून बसलो, "ऊठ" म्हणलं असतं तर उठाय लागलं असतं.

शेडात मीबी असायची. म्होरं रॉकेलची परात, त्यात नट, बोल्ट, स्प्रिंगा, सगळं धुवून फडक्यावर मांडायचं, ज्या वळणानं निघालं त्या वळणानं. लोक जाता येता दात काढायचे. धनगराला लोकर कातरता येती, इंजिन काय कळतंय, आन् बायको बगा, भांडी सोडून लोखंड घासायलीय. घासायलीय तर घासायलीय, तुमच्या बापाचं काय जातंय? सासऱ्याला मेंढरू खोकलं तरी रोग कळायचा, तसं ह्यांना इंजिन चालू केलं की आत काय दुखतंय ते कळायचं. मिलिटरीतल्या गोऱ्या साहेबानं तसं कागदावर लिहून दिलेलं होतं. तो कागद आमच्या गावात कुणी वाचून बघितला न्हाई.

आता गुरुशांतप्पा. त्याची करडीच्या तेलाची गिरणी. बाजाराच्या चौकात माणूस दिसला की लोक उठून उभे राहायचे, एवढा मान. त्यानं लढाईच्या आखरीला एका मिलिटरी ठेकेदाराकडून फटफटी घेतली होती, एका सिलिंडरची, हिरव्या रंगाची. जत्रेला न्हाईतर लग्नाला तेवढी बाहेर काढायचा, वर्सातून दहा-बारा डाव. बाकी दिवस गिरणीच्या पडवीत पोत्याखाली. आन् माणसाला एक भारी खोड. गिरणीचं इंजिन आपल्या हातानं खोलायचा म्हणून त्याला वाटायचं, जगातलं कुठलंबी इंजिन आपण खोलू शकतो. म्हणायचा, "एवढं माझं गिरणीचं धूड मी खोलतो, ही फटफटी तर पोराचं खेळणं हाय." ते खेळणं त्यानं खोललं. कधी खोललं, कसं खोललं, ते आम्हाला कुणालाच ठाऊक न्हाई.

त्रेपन्न साली त्यानं ती हणमंतप्पाला विकली. हणमंतप्पा म्हणजे देवी काढणारा सरकारी माणूस, लोक देवीडॉक्टरच म्हणायचे. लमाणांच्या तांड्यांवर, वाड्या-वस्त्यांवर जाऊन लेकरांच्या दंडावर देवी टोचायच्या, हे त्याचं काम. त्या वर्सी देवीचा लई जोर होता. बैलगाडीनं जाऊन तो एका दिवसात एकच तांडा करायचा, दुसऱ्या तांड्यावर पोचायच्या आत लेकरं गेलेली असायची. म्हणून बिचाऱ्यानं पोटाला चिमटा काढून फटफटी घ्यायचं ठरवलं.

विकायच्या आधी गुरुशांतप्पा ती आमच्या शेडात घेऊन आला. म्हणला, "मिस्त्री, वरचं डोकं उतर, काजळी काढ, व्हाल घास. त्याच्या खाली हात लावायचा न्हाई. खालचं मी सोता केलेलं हाय." मिस्त्री 'व्हय अप्पा' म्हणले. डोकं उतरवलं, काजळी खरवडली, व्हाल म्हणजे आतल्या झडपा घासल्या, परत बसवलं. सिलिंडर जाग्यावरच होता. मी तिथंच बसले होते, माझ्या परातीत दोन व्हाल, दोन स्प्रिंगा आन् डोक्याचे नट एवढंच पडलं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुशांतप्पा आन् हणमंतप्पा दोघं आले, मिस्त्रींनी गाडी चालू करून दिली आन् हणमंतप्पा हसत हसत घेऊन गेला.

पंधरा दिवस झाले नसतील. राजेश्वर गावाच्या अलीकडं उतार लागतो, तिथं चालत्या गाडीत इंजिन एकदम आवळलं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी आन् तिच्याखाली हणमंतप्पाचा उजवा पाय. गुडघ्याच्या खाली तीन ठिकाणी हाड मोडलं. बैलगाडीत घालून आणला. वाटभर तो लशीच्या डब्याला हात लावून बघत होता, फुटला का काय म्हणून. फटफटी दुसऱ्या गाडीत घालून गुरुशांतप्पाच्या गिरणीवर नेली, कारण तिथं जागा होती.

आन् तिथून सगळा इस्कोट सुरू झाला. गुरुशांतप्पानं इंजिनाच्या बुडाचा बोल्ट काढला, तेल सांडलं आन् त्याच्याबरोबर राखाडी धातूचे दोन-चार तुकडे पडले. ते हातावर घेऊन माणूस चौकात गेला. "बगा, माझ्या इंजिनात अस्सल पितळी बुश होता. त्या धनगरानं काढून घेतला आन् हे असलं जस्ताचं घातलं. म्हणून डॉक्टरचा पाय गेला."

बुश म्हणजे काय ते सांगते. पिस्टन आन् त्याचा दांडा जिथं पिनीवर जुळतात, तिथं दांड्याच्या भोकात अंगठीसारखं लांबट कडं बसतं. ते पितळंचं न्हाईतर काशाचं पाहिजे. पिन त्याच्यात हलती. तेच ढिलं पडलं, तुटलं, तर पिस्टन तिरपा होतो आन् इंजिन आवळतं. आता मला सांगा, इंजिन खोलायच्या आधीच गुरुशांतप्पाला कसं कळलं की बाकी काही न्हाई, बुशच तुटलाय? मी हे त्याच दिवशी चार बायांना इचारलं.  पण त्यांच्या नवऱ्यांपैकी एकालाबी हे गुरुशांतप्पाला इचारायची अक्कल झाली न्हाई.

दोन दिवसांत शेडात गिऱ्हाईक येईना. सायकलवाल्यानं पंक्चर काढाय टाकलेली ट्यूब तशीच उचलून नेली. पोरं लांबून 'बुशचोर' म्हणून पळायची. मिस्त्री पाने पुसून पुसून ठेवत होते. मी म्हणलं, "जाऊन सांगा की चार लोकांत. गप कामून बसलाव?" तर म्हणले, "बोलावतील तवा सांगतो." मला असा राग आला होता, की हातातली परात फेकावी.

बोलावणं आलं. पोलीस पाटील बसवंतप्पा, त्यांच्या चावडीवर. गुरुशांतप्पा लोडाला टेकून, पंच बाजूला, हणमंतप्पाला बाजेवर घालून आणलेलं, पायाला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. मिस्त्री खाली उभे. मी बायांच्या घोळक्यात, पायरीच्या बाजूला. पाटील म्हणले, "सिद्धाप्पा, गोष्ट चोरीची हाय. ठरली तर शेड काढाय लागंल, आन् पोलिसांत द्यावं लागंल. मंग तुला ह्या मुलखात कुणी पान्याला हात लावू देणार न्हाई. बोल."

मिस्त्री म्हणले, "पाटील, मी बोलून काय व्हायलंय. इंजिन हितं आणा. सगळ्यांसमोर खोलतो. मंग तेच बोलंल."

गुरुशांतप्पाला ते पटलं न्हाई. पण बाजेवरून हणमंतप्पा म्हणला, "आणा. गाडी माझी हाय." मंग आणलं. चावडीपुढं पोतं अंथरलं, त्यावर इंजिन. मी उठून परात आन् रॉकेल घेऊन म्होरं गेले. एक पंच म्हणला, "बाईचं काय काम?" म्हणलं, "मी रोज धुते, आजबी धुणार." आन् बसले. पाटलांनी हात केला, बसू द्या म्हणून.

पहिल्यांदा मिस्त्रींनी सिलिंडरच्या बुडाचे नट दाखवले. त्यांच्यावर पिवळट, कडक थर बसलेला, लाखंसारखा. नखानं निघत न्हव्हता. त्यांनी तो चाकूनं खरवडला आन् पाटलांच्या हातात दिला. "वास घ्या." पाटलांनी वास घेतला. "करडी हाय की ही."

"व्हय. ह्या इंजिनात करडीचं तेल घातलेलं होतं. करडी वाळली की लाकडावरच्या रोगणासारखी घट्ट होती. हणमंतप्पांनी नंतर चांगलं तेल घातलं, पण आतल्या तेलाच्या वाटा आधीच बुजलेल्या. आन् ह्या नटांवरचा थर अजून अखंड हाय. मी पंधरा दिवसांखाली हे नट खोलले असते तर हा थर फुटला असता. सिलिंडर उचलल्याशिवाय बुशापर्यंत कुणाचा बापबी पोचत न्हाई."

गुरुशांतप्पा ताडकन सरळ बसला. "माझ्या गिरणीचं तेल अख्ख्या जिल्ह्यात जातं. शुद्ध तेल हाय. शुद्ध तेलानं इंजिन बिघडत असतंय व्हय?" लोकांनी माना डोलावल्या. शुद्ध तेल म्हणं. शुद्ध तर शेंगदाण्याचं बी असतं, घाला मंग इंजिनात आन् वरून मोहरीची फोडणी द्या. मी हे मनात म्हणलं न्हाई, तोंडानंच म्हणलं. बाया हसल्या, पाटलांनी डोळे वटारले.

मिस्त्री काम करत राहिले. सिलिंडर उचलला. बुडाला कागदी पॅकिंग पाहिजे, तिथं कातडं निघालं, जाड, काळं. त्यांनी ते उलटं करून दाखवलं, त्याच्यावर टाक्याच्या भोकांची ओळ होती. गिरणीच्या पट्ट्याचं कातडं. ते एवढं जाड की सिलिंडर बोटाच्या जाडीएवढा वर बसलेला. पिस्टनच्या तिन्ही रिंगांची तोंडं एका ओळीत, एकाखाली एक. ती तीन दिशांना पाहिजेत, न्हाईतर सगळी वाफ खाली पळती. पिस्टनला एका बाजूनं चीर असती, ती म्होरं पाहिजे, तर हितं मागं निघाली. तेलाच्या पंपाचं पॅकिंग साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कापलेलं, आन् त्याला दोन भोकं पाहिजेत तिथं एकच पाडलेलं. दुसऱ्या भोकातून तेल जायला वाटच न्हाई.

एकेक वस्तू मिस्त्री दाखवायचे, काय चुकलंय ते दोन शब्दांत सांगायचे, आन् माझ्या परातीत टाकायचे. आवाज चढवला न्हाई, कुणाचं नाव घेतलं न्हाई. माझ्या मात्र अंगाची आग व्हायली होती. ह्या माणसानं दोन दिवस आमचं जगणं हराम केलं, आन् हे काय करून ठेवलंय त्यानं. लहान लेकरानं मातीचा बैल केला तरी शिंगं डोक्यावर लावतं.

गुरुशांतप्पाचं एकच टुमणं. "हे सगळं तूच केलंस. कशावरनं मी केलं? माझा पितळी बुश कुठं हाय ते सांग आधी."

मंग दांडा निघाला. पिनीच्या भोकात बुशाचा अर्धा तुकडा अजून अडकलेला होता. मिस्त्रींनी तो ठोकून काढला आन् परातीत टाकला. मी रॉकेलात बोटानं चोळला. राखाडी, वजनाला जड, आन् तुटल्या कडेला बारीक दाणा. माझे हात तिथंच थांबले. ही धातू मी ओळखत होते.

माझं माहेर बिदरचं, किल्ल्याच्या भिंतीखाली. माझी आई बिदरीचं काम करणाऱ्या मौलासाब उस्तादांकडं माती चाळायला जायची, मी तिच्यासंगं. किल्ल्यात जिथं ऊन-पाऊस पोचत न्हाई तिथली माती आणायची, चाळायची. जस्तात थोडं तांबं घालून उस्ताद सुरई, पानदान ओतायचे, चांदीची तार ठोकायचे, आन् त्या मातीत नवसागर घालून उकळत्या पाण्यात भांडं बुडवलं की ते काळंभोर व्हायचं. ओतीव कामाच्या कच्च्या तुकड्यांशी खेळून खेळून मी मोठी झाले. माझ्या चुकीचा प्रश्नच न्हव्हता.

मी उभी राहिले. म्हणलं, "पाटील, हे नुसतं जस्त न्हाई. ही बिदरीची धातू हाय. बिदरला ओतलेलं हाय हे. मिस्त्री माझ्याशी लगीन झाल्यापासून एकदाबी बिदरला आलेले न्हाईत, माझी आई मेली तवाबी आले न्हाईत, शेड सोडून." चावडीवर गलका झाला. कुणी म्हणलं बाईला येड लागलंय. पण पाटील म्हातारे आन् सावध होते. म्हणले, "शुक्रवारच्या बाजारापर्यंत वेळ देतो. दाखव काय दाखवायचं ते."

दुसऱ्या सकाळी मी एकटी सर्व्हिस मोटारीत बसून बिदरला गेले, तुकडा पदराच्या गाठीत बांधून. मौलासाब थकले होते, डोळ्याला कमी दिसत होतं. तुकडा बोटात फिरवला, नखानं टोकरला, आन् म्हणले, "मेरेइच हात का है. पाँच बरस हुए. नाकेबंदी के दिनां में, पितळ मिलता नई था." पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाच्या मुलखाची नाकेबंदी होती, तवाचं म्हणं. मंग आठवून आठवून सांगितलं. गुरुशांतप्पा सोता आला होता, मोटेच्या चाकात घालायचंय म्हणून सांगून. उस्ताद म्हणले होते, फिरत्या चाकात हे टिकणार न्हाई, तरी त्यानं हट्टानं ओतून घेतलं. मी म्हणलं ते मोटेत न्हाई, इंजिनात घातलं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. ज्या धातूचं पानदान करायचं ती आगीच्या दांड्यात घातली, ह्याचं त्याला वाईट वाटलं, का एका माणसाचा पाय गेला त्याचं, दोन्हीचंबी असंल.

चावडीवर यायला तो घाबरत होता. पोलीस ॲक्शननंतरचे दिवसच तसे होते, चार मोठ्या माणसांपुढं मौलासाबसारख्या मुसलमानाच्या शब्दाला कुणी विचारलं नसतं. मी म्हणलं, "चाचा, शब्द नगो. माती आणा आन् हात चालवा." मंग उठले. कोनाड्यातला एक पत्र्याचा डबा खाली घेतला, त्यात गिऱ्हाइकांचे राहिलेले नमुने होते. चाचपून चाचपून एक वस्तू काढली आन् माझ्या डोळ्यांपुढं धरली. पितळी बुश, एका अंगाला तडकलेला. गुरुशांतप्पानं नमुन्याला दिलेला. परत न्यायला आलाच न्हाई, आन् ह्या माणसानं गिऱ्हाइकाची वस्तू म्हणून पाच वर्सं जपून ठेवलेला. पितळंची एवढी टंचाई असताना.

शुक्रवारी चावडीपुढं जत्रेएवढी गर्दी. मौलासाबनी तीन दगडांवर तांब्याचं भांडं ठेवलं, पाणी उकळलं, त्यात माती आन् नवसागर. तुकडा चिमट्यात धरून बुडवला. बाहेर काढला तवा तो तव्यासारखा काळा झालेला. बिदरी भांडं लग्नात सगळ्यांनीच बघितलेलं, काळेपण कुणाला शिकवाय लागलं न्हाई. मंग त्यांनी खिशातून पितळी बुश काढला आन् काही न बोलता मिस्त्रींच्या हातावर ठेवला. मिस्त्रींनी तो पिनीवर सरकवला. झिजून थोडा ढिला झालेला, पण त्याच पिनीचा, त्याच मापाचा. पिनीवर जिथं चट्टा होता, तिथंच बुशाला तडा होता.

मौलासाब गुरुशांतप्पाकडं बघून एवढंच म्हणले, "अप्पा, आपका नमुना लेको आया. आपको ले जाना याद नई रहा."

सगळे गुरुशांतप्पाकडं बघायले. आता तो काय म्हणला असंल? "बरं, असंल. अडचणीचे दिवस होते, बाहेरून काही येत न्हव्हतं. मी आपलं जमेल तसं केलं. ध्यानात राहिलं न्हाई." ध्यानात राहिलं न्हाई. मिस्त्रीला चोर ठरवायचं तेवढं ध्यानात राहिलं. आन् पाटील काय म्हणले? "चोरी झाली न्हाई, एवढं ठरलं. अप्पांचाबी हेतू वाईट न्हव्हता. आता विषय संपला." लोडाला टेकलेल्या माणसाला कुणी ऊठ म्हणलं न्हाई. बाजेवरच्या माणसाची माफी माग म्हणलं न्हाई. आमच्याकडं बघून 'चुकलं' म्हणलं न्हाई. पंच उपरणी झटकून उठायलासुद्धा लागले.

तवा मिस्त्री बोलले. मला वाटलं, आता तरी ह्यांना कंठ फुटला, आता सुनावतील.

ते हणमंतप्पाच्या बाजेजवळ गेले आन् म्हणले, "डॉक्टर, बुश मी घातला न्हाई. पण मला आवाज आला होता. डोकं बसवून गाडी चालू केली तवाच आत टकटक आली. बुश गेलाय हे मला कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं न्हाई."

 हणमंतप्पा बाजेवर कोपर टेकून थोडा उठला. मंग इचारलं, "कामून सांगितलं न्हाई, मिस्त्री?"

"अप्पा तिथं उभे होते," मिस्त्री म्हणले.

झालं. गुरुशांतप्पा लोड सोडून उठला. "ऐकलं का? सोताच्या तोंडानं कबूल केलं. कळत होतं आन् गप बसला." आन् जी माणसं आत्ता आत्ता काळा झालेला तुकडा बघून गप झाली होती, ती लगेच मिस्त्रींकडं बोटं दाखवायला लागली. चूक कुणाची, तर ज्यानं खरं सांगितलं त्याची. त्याच दिवसापासून गावात ती गोष्ट तशीच चालू झाली, 'मिस्त्रीमुळं डॉक्टरचा पाय गेला'. माझ्या ओसरीवरचा शहाणा तेच ऐकून लहानाचा मोठा झालेला.

घरी येऊन मी लई भांडले. म्हणलं, "मी पदरात तुकडा बांधून एकटी बिदरला गेले, म्हाताऱ्याला उठवून आणलं, तुमचं नाव धुवून पुढं ठेवलं, आन् तुम्ही सोताच्या हातानं त्याच्यावर काळं लावलं. कुणी इचारलं होतं तुम्हाला?"

म्हणले, "कुणी इचारलं न्हाई म्हणूनच तर सांगितलं न्हव्हतं आधी." मी दोन दिवस बोलले न्हाई त्यांच्याशी. पण तिसऱ्या दिवशी परात घेऊन बसले, कारण फटफटी शेडात आली होती. हणमंतप्पानंच पाठवली. निरोप एवढाच, मिस्त्रीशिवाय कुणी हात लावायचा न्हाई.

मिस्त्री सोलापूरला जाऊन काशाचा बुश कातून घेऊन आले. करडीचा थर मी आठ दिवस खरवडला, उकळत्या सोड्याच्या पाण्यात, माझ्या बोटांची सालं निघाली. सगळं इंजिन परत जोडलं, आन् घड्याळासारखं चाललं. त्याच्यानंतर शेडात आलेल्या प्रत्येक माणसाला, मोठा असो लहान असो, मिस्त्री रस्त्यावर उभं राहून, चारचौघांत, गाडीत काय काय ऐकू आलं ते सगळं सांगायचे. मालक उभा असला तरी. घेणारा संगं असला तर मुद्दाम. लोकांना राग यायचा, सौदे मोडायचे, गिऱ्हाईक तुटायचं. 'तोंडाळ मिस्त्री' नाव पडलं. आयुष्यात ज्यानं माझ्याशीसुद्धा चार वाक्यं धड बोलली न्हाईत त्याला लोक तोंडाळ म्हणायचे.

हणमंतप्पाचा पाय बरा झाला, पण गुडघ्यात वाकेना. गाडीवर बसायला यायचं, चालवायलाबी यायची, पण उजव्या पायानं किक मारता यायची न्हाई. तांड्यावर लोक ढकलून द्यायचे. पण सकाळी घरून निघताना कोण? मिस्त्री रोज उजाडताच त्याच्या दाराशी जायचे, किक मारून गाडी चालू करायचे, कान देऊन थोडा वेळ ऐकायचे, 'आवाज साफ हाय, जावा' म्हणायचे आन् मंग शेडात यायचे. उन्हात, पावसात, तापानं अंग भाजत असताना. हणमंतप्पाची बदली गुलबर्ग्याला झाली तवर, सहा वर्सं, एक दिवस चुकला न्हाई.

हणमंतप्पाचं घर गिरणीच्या समोरच होतं. त्या वेळी गुरुशांतप्पा ओट्यावर बसून दात घासत असायचा, आन् बघत असायचा. किक मारायला त्यानं यायला पाहिजे होतं.